एकावन्नावं जोडपं

“तुमचं लग्न झालंय का?” घुले सरांनी आईला विचारलं.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि आईच्या शेजारीच बसलो होतो.

“झालंय की सर,” आईनं माझ्याकडं बोट केलं. “हे काय, ताडासारखं वाढलंय.”

“ते दिसतंय मला. माझं म्हणणं असं, की परत करायला काही हरकत आहे का?”

घुले सर आम्हाला शाळेत भूगोल शिकवायचे आणि शाळा सुटली की तात्यासाहेब कोरप्यांच्या दीनसेवा मंडळाचं काम बघायचे. तात्यासाहेबांची करडगावात अडत होती. दर उन्हाळ्यात ते बाजार समितीच्या मैदानावर गोरगरिबांची लग्नं लावून द्यायचे. प्रत्येक जोडप्याला एक लोखंडी कपाट, एक पलंग आणि पोतंभर भांडी. शेजारच्या तालुक्यात आदल्या वर्षी कुणीतरी पन्नास लग्नं लावली होती, म्हणून तात्यासाहेबांनी यंदा एकावन्न जाहीर केली होती. कमानी उभ्या राहिल्या होत्या. रिक्षा ओरडत फिरत होती. लग्न उद्यावर आलं होतं आणि एक जोडपं पळून गेलं होतं.

“कुणासंगं पळालं?” आईनं विचारलं.

“एकमेकांसोबतच,” सर म्हणाले. “त्या मुलाला कुणीतरी सांगितलं की एसटी स्टँडवर सगळ्या जोडप्यांचे फोटो लागणार आहेत. ‘गरिबांची लग्नं’ असं वर लिहून. रात्रीत दोघं पसार. आळंदीला जाऊन लग्न लावलं म्हणे.”

“मंग पन्नास लावा.”

“पन्नासला आता काही अर्थ नाही, सुभद्राबाई.”

आई डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. खडा दिसला की तिचा हात आपोआप उचलायचा. आत्ताही तिचा हात मांडीवर तसाच चाळवत होता. तिला खडा नाही, कपाट दिसत होतं.

कारण माझ्या बहिणीचं, उज्ज्वलाचं लग्न अक्षय तृतीयेच्या आत लावायचं ठरलं होतं. मुलगा दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याचे वडील वाघचौरे यांनी हुंडा मागितला नव्हता. हुंड्याच्या ते विरोधातच होते. फक्त एक कपाट, एक पलंग आणि भांडी द्या म्हणाले होते, आणि नाही जमलं तर स्पष्ट सांगा, दुसरं स्थळ थांबलंय, असंही म्हणाले होते. आईनं त्यांना महिन्यापूर्वीच सुचवून पाहिलं होतं, की तात्यासाहेबांच्या मांडवात लावू, सगळं आपोआप मिळंल. वाघचौरे दुखावले. “आमच्या पोरानं भिकाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं व्हय?” असं विचारून त्यांनी चहा अर्धा ठेवला होता.

“मी बसते,” आई म्हणाली.

सरांचा चेहरा उजळला. “आणि वर? म्हणजे, वराचं काय करायचं?”

“हाय की. हाकललेला हाय, पण हाय.”

सरांनी थोडा विचार केला. “हे फारच उत्तम. दुसरा कुणी असता तर गुन्हा झाला असता.”

आमच्या बापाला आईनं सात-आठ वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं होतं. हिंगणदरीच्या छबू नावाच्या बाईकडं तो राहायला लागला होता आणि मधूनमधून आमच्याकडं जेवायला यायचा. एकदा आईनं त्याचे कपडे पिशवीत भरून ती उंबऱ्याबाहेर ठेवली. मग कपडे ओतून पिशवी परत आत घेतली, कारण पिशवी चांगली होती. गळ्यातलं मंगळसूत्र मोडून तिनं घरावर पत्रे टाकले. पावसाळ्यात पत्रे वाजायला लागले की ती म्हणायची, “बघा, आता कामाला आलं.”

बापाला शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तो बँडमध्ये खुळखुळा वाजवायचा. लोकांना वाटतं खुळखुळा कुणीही वाजवू शकतं, आणि ते खरंच आहे. बँडवाल्याच्या दुकानात तो पितळी बटणांच्या कोटावर इस्त्री करत बसला होता.

“नाना, उद्या तात्यासाहेबांच्या मांडवात यायचंय.”

“येणारच हाय. आमचाच बँड हाय तिथं.”

“वाजवायला नाही. लग्नाला.”

“कुणाच्या?”

“तुमच्या. आईशी.”

त्यानं इस्त्री उभी केली. कोटाची बाही सरळ केली. मग हळूच विचारलं, “रागात हाय का?”

“घाईत हाय. उज्ज्वलासाठी कपाट पायजे.”

“आन् मला काय?”

“सफारीचं कापड. टोपी. जेवण.”

“गोड काय हाय?”

“बुंदी.”

“बुंदी असंल तर येतो,” तो म्हणाला, आणि मान खाली घालून परत इस्त्री फिरवायला लागला. तो लाजला होता. ते बघून मला त्याचा जेवढा राग आला, तेवढा तो छबूकडं राहायला गेला तेव्हाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मैदानावर एकावन्न पाट मांडलेले होते आणि प्रत्येक पाटामागं त्या जोडप्याचं कपाट उभं होतं. मदत करणाऱ्याला आपण काय दिलं हे समोर दिसावं लागतं. उन्हात ती कपाटं इतकी तापली होती की एका करवलीचा दंड भाजला. आई पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून शेवटच्या पाटापाशी उभी होती. बाकीच्या नवऱ्यामुली तिला पोरीची आई समजून “मावशी, पाणी कुठंय?” विचारत होत्या. ती सांगतही होती.

“वधूंचे मामा मागे उभे राहतील!” घुले सर माइकवर म्हणाले.

आईचा मामा वारून पुष्कळ वर्षं झाली होती. सर धावत आमच्यापाशी आले, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या डोक्यावर टोपी घातली. अशा रीतीनं आईच्या लग्नात मी तिचा मामा झालो. समोर अंतरपाटापलीकडं बाप उभा होता. बँड सुरू झाला की त्याचा उजवा हात आपोआप हलायला लागायचा आणि बँडमास्तर लांबून त्याच्याकडं आशेनं बघायचा.

त्याआधी भाषणं झाली. तात्यासाहेब म्हणाले, “मी गरिबाला भीक देत नाही. मी गरिबाला संसार देतो.” टाळ्या पडल्या. मग एका डॉक्टरीणबाईंनी वधूंना मार्गदर्शन केलं. त्या रांगेतून चालत प्रत्येकीशी दोन शब्द बोलल्या. आईपाशी आल्यावर त्यांनी चष्मा वर केला, क्षणभर थबकल्या, पण छापील वाक्य तोंडात आधीच आलेलं होतं.

“पहिलं मूल दोन वर्षांनी. घाई करायची नाही.”

“बरं,” आई म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. मी टोपी नीट केली.

मंगलाष्टकं संपली. अक्षता म्हणून पिवळी ज्वारी उडाली. मंडळानं दिलेलं मंगळसूत्र, काळी पोत आणि सोन्याचं पाणी दिलेल्या दोन वाट्या, बापानं आईच्या गळ्यात घातलं. त्याला मागचा आकडा लावता येईना. आई म्हणाली, “सरका,” आणि तिनं स्वतःच लावला.

जेवणं झाली. बापानं बुंदी तीनदा घेतली. आता टेम्पोत सामान भरायचं आणि घरी न्यायचं, एवढंच राहिलं होतं. उज्ज्वलानं घरात कपाटाची जागा सकाळीच सारवून ठेवली होती. आणि तेवढ्यात घुले सर टेम्पोवाल्याला म्हणाले, “एकावन्न नंबर. हिंगणदरी.”

“हिंगणदरी कशाला?” आई म्हणाली.

“सामान वराच्या पत्त्यावरच पोचवायचं, असा यंदा नियम केलाय. गेल्या वर्षी लोकांनी कपाटं मैदानातच विकली.”

“वराचा पत्ता हिंगणदरी कुणी सांगितला?”

“वरानेच.”

आईनं बापाकडं बघितलं. बाप म्हणाला, “त्यांनी विचारलं, कुटं राहता. मी सांगितलं.” आयुष्यात खरं बोलायला त्यानं नेमकी तीच वेळ निवडली होती.

“सर, आमचं घर हे इथं चार गल्ल्या सोडून,” आई म्हणाली.

“सुभद्राबाई, तात्यासाहेबांचा फोटोग्राफर पण सोबत येणार आहे. गृहप्रवेशाचे फोटो घ्यायचेत. आपल्याला पुढच्या वर्षी देणगीदारांना दाखवायला लागतात. एका नंबरपासून एकावन्नपर्यंत सगळ्यांचे.” सरांचा आवाज खाली आला. “एवढं सांभाळून घ्या. फोटो झाला की सामानाचं तुम्ही काय करायचं ते करा. मी बघायला येणार नाही.”

टेम्पोवाला म्हणाला, “मला तसंबी रिकामंच माघारी यायचंय.”

आईनं पदर खोचला. “चल दिगू. बस.”

पुढं नवरा-नवरी, मागं कपाट, पलंग, भांड्यांचं पोतं आणि नवरीचा मामा. मोटारसायकलवरून फोटोग्राफर. तासाभराचा रस्ता होता. आई आणि बाप एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. लांबून कुणी बघितलं असतं तर नवीनच लग्न झालंय असं वाटलं असतं.

आता मला बऱ्यापैकी नोकरी आहे. दर दिवाळीला ऑफिसात एक खोकं फिरतं, गरजूंसाठी काहीतरी टाका म्हणून. मी काही टाकत नाही. पुढं सरकवतो. कंजूष म्हणून माझं नाव झालेलं आहे आणि मी ते खोडून काढत बसत नाही. कारण खोकं समोर आलं की मला तो टेम्पो हिंगणदरीच्या गायरानाला वळताना दिसतो.

गावाबाहेर, गायरानाच्या कडेला, एक झोपडं होतं. पाचटाचं छप्पर, त्यावर फाटका प्लास्टिकचा कागद, कागदावर दगड. दारात तीन दगडांच्या चुलीवर तेलाचा कापलेला डबा ठेवलेला आणि त्यात कण्या शिजत होत्या. डब्याला खालून भोक असावं, कारण थेंब पडून विस्तव सारखा चुरचुरत होता. छबू तिथं बसलेली होती. मला ती कुणीतरी नटवी बाई असेल असं वाटलं होतं. ती आईपेक्षा थकलेली होती. गळ्यात काही नव्हतं, हातात दोन काचेच्या बांगड्या. तिच्या मागं दोन पोरं उभी होती, चार-पाच वर्षांची, आणि दोघांचंही नाक थेट माझं होतं.

“मंडळाचं सामान आलं गं,” बाप खाली उतरत म्हणाला.

छबू हसत उठली. मग आई उतरली. पिवळ्या साडीत, मुंडावळ्यांसकट. छबूचं हसू तिथंच राहिलं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं.

फोटोग्राफर घाईत होता. “मावशी, तुम्ही कोण? सासू का?”

छबूनं जरा विचार केला. “मी हितलीच.”

“मग ओवाळा. भाकरतुकडा आणा, तांब्या आणा. उजेड चाललाय.”

छबू आत गेली आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. तिनं तो आईवरून आणि बापावरून ओवाळला आणि बाजूला टाकला. थोरल्या पोरानं तो लगेच उचलून तोंडात घातला.

“बाळा, टाकलेलं खाऊ नको,” फोटोग्राफर म्हणाला. “फोटोत येतंय.”

मग माप ओलांडायचं. माप म्हणून एक चेपलेला डालड्याचा डबा मिळाला. त्यात धान्य घाला म्हटल्यावर छबूनं चुलीवरच्या कण्यांकडं बघितलं. फोटोग्राफर सवयीचा होता. “माती घाला. फोटोत काय कळतंय.” मीच भरली. आईनं उजव्या पायानं माती लवंडली आणि नवऱ्याच्या दुसऱ्या बाईच्या घरात लक्ष्मी म्हणून पाऊल टाकलं.

“हसा,” फोटोग्राफर म्हणाला. कोण हसलं ते मला आठवत नाही. बहुतेक बापच.

त्यानं कपाट उतरवून दारात उभं करायला लावलं, पलंग शेजारी, भांडी पोत्यातून काढून पलंगावर मांडायला लावली. दोन फोटो काढले आणि गाडीला लाथ मारून तो गेला. टेम्पोवाला लांब बाभळीखाली जाऊन बसला.

पोरांना आता जोर आला. त्यांनी कपाट उघडलं. खालच्या खणात धाकटं बसलं आणि थोरल्यानं दार लावून घेतलं. आतून धाकट्याचं खिदळणं ऐकू यायला लागलं. छबू नव्या भांड्यांवरून हात फिरवत होती, एकेक उचलून आत डोकावत होती, तळाशी काही ठेवलंय की काय अशी.

“दिगू,” आई म्हणाली. “भर.”

छबूचा हात थांबला. “भर म्हंजी?”

“माझ्या पोरीच्या लग्नातलं हाय हे. तिच्यासाठीच बसले मी पाटावर.”

“ह्यांनी सांगितलं, आपल्याला मिळालंय म्हणून.” छबू बापाकडं वळली. “तुमीच म्हणलात ना? पावसाच्या आधी भांडी येतील म्हणून?”

बाप दोघींच्या मधोमध उभा होता. मंडळाची टोपी त्याच्या डोक्यावर होती. तो म्हणाला, “दोघींनी मिळून काय ते ठरवा,” आणि बाभळीकडं निघाला.

मी कपाटाचं दार उघडलं. धाकटं आत गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं. माझ्याकडं बघून ते खुदकन हसलं. त्याला वाटलं मी खेळतोय. मी त्याला काखेत धरून बाहेर काढलं तर ते परत आत शिरलं. परत काढलं, परत शिरलं. तिसऱ्यांदा आईनं काढलं. त्यानंतर ते शिरलं नाही.

टेम्पोवाल्याच्या मदतीनं कपाट चढवलं, पलंग चढवला. आई भांडी पोत्यात भरत होती. ताटं, वाट्या, तांबे, मग पातेली, एकात एक. छबू बघत होती. शेवटचं पातेलं आईच्या हातात आलं तेव्हा ती म्हणाली,

“ताई, तेवढं एक ठिवा.”

आईनं त्याचं झाकण उचललं.

“झाकण नको,” छबू म्हणाली. “नुसतं पातेलं.”

चुलीवरचा डबा चुरचुरत होता. आईनं त्याच्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं. आई वाईट बाई नव्हती. आमच्या गल्लीत कुणाकडं काही शिजलं नाही तर ती आमच्या तव्यावरची भाकरी देऊन यायची आणि आम्हाला भूक नाही असं आम्हालाच सांगायची. मला वाटलं, देईल.

“मोजून घेणारेत ते लोक,” आई म्हणाली. “एक कमी निघालं तर पोरगी माघारी येईल माझी.”

“एवढ्या भांड्यात एक कुणाला कळतंय?”

“तुला न्हाई म्हाईत ते लोक.”

“मला कुठले लोक म्हाईत व्हणार,” छबू म्हणाली.

आईनं पातेलं पोत्यात टाकलं. पोत्याचं तोंड बांधायला लागली, गाठ बसेना, परत सोडली. मग एकदम तिनं दोन्ही हात मानेमागं नेले, आकडा काढला आणि सकाळचं मंगळसूत्र छबूच्या हातावर ठेवलं.

“हे घे. त्यो बी ठेव,” बाभळीकडं मान करत ती म्हणाली. “दोन्ही तुला. कायमचं दिलं समज. पण पातेलं न्हाई देता यायचं बाई.”

छबूनं मंगळसूत्र उजेडात धरलं. आठ वर्षं ती त्या माणसाबरोबर राहत होती आणि गावानं तिला एकदाही हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. दोन्ही वाट्या तिनं बोटांवर तोलून बघितल्या, उलट्या करून आत बघितलं, मघाशी भांड्यांच्या आत बघत होती तसंच.

“ह्याच्यात कण्या शिजत्यात का ताई?” तिनं विचारलं.

आई टेम्पोत चढली. मला म्हणाली, “दोरी आवळ.”

उज्ज्वलाचं लग्न ठरल्या दिवशी लागलं. वाघचौऱ्यांनी कपाटावर टिचक्या मारून बघितल्या, पलंगावर बसून बघितलं. भांड्यांचं पोतं त्यांच्या थोरल्या मुलानं उचललं आणि गाठ न सोडता माळ्यावर टाकलं.

“मोजून घ्या ना,” आई म्हणाली.

“ऱ्हाऊ द्या हो.”

“न्हाई, एकदा मोजून घ्या. सगळी हायत.”

“ऱ्हाऊ द्या विहीणबाई,” वाघचौरे म्हणाले. “विश्वास हाय आमचा तुमच्यावर.”

आई तिसऱ्यांदा म्हणाली, “मोजा की.”